शिरेतून दिली जाणारी प्रतिजैविके : पद्धती, मर्यादा आणि दक्षता

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा आणि त्याच्या आसपासच्या गावांतून एखादा तापाने फणफणलेला रुग्ण दवाखान्यात आणला जातो, तेव्हा त्याच्या सोबत आलेल्या मंडळींची पहिली मागणी बहुधा एकच असते : "डॉक्टरसाहेब, सलाईन लावा." बाटली टांगली गेली, नळीतून थेंब पडू लागले की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. उपचार सुरू झाले, आता माणूस वाचणार, अशी त्यांची खात्री पटते. परंतु त्या बाटलीत नेमके काय आहे, ते शिरेतूनच का दिले जात आहे, किती वेळात दिले जात आहे आणि ते केव्हा थांबवावयाचे, हे प्रश्न मात्र फारसे विचारले जात नाहीत.

वस्तुतः सलाईन म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, एवढाच त्यातील ऐवज. शरीरातील पाणी कमी झाले असेल तर ते जीवनदायी ठरते; एरवी त्यात ताकद आणणारे असे काही नसते. गंभीर जंतुसंसर्गात रुग्णाला वाचविणारी वस्तू वेगळीच असते. ती म्हणजे प्रतिजैविक, म्हणजेच जीवाणूंचा नाश करणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध. सलाईन हे अशा वेळी केवळ त्या औषधाचे वाहन असते. हे वाहन कसे चालवावयाचे याचे एक शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रातील चूक रुग्णाला महागात पडू शकते. म्हणूनच ग्रामीण आरोग्यसेवेशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो अधिकारी असो, शिक्षक असो की पंचायत सदस्य असो, या शास्त्राची तोंडओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रारंभीचा धडा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पेनिसिलीनचा शोध लावला; परंतु ते औषध म्हणून वापरण्याजोगे करण्याचे श्रेय ऑक्सफर्ड येथील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या पोलीस शिपायास पेनिसिलीन शिरेतून देण्यास आरंभ झाला. काही दिवसांतच त्याच्या प्रकृतीत आश्चर्यकारक सुधारणा दिसू लागली. मात्र पेनिसिलीन शरीरात फार वेळ टिकत नाही. मूत्रपिंडे ते झपाट्याने बाहेर टाकतात. औषधाचा साठा इतका तुटपुंजा होता की, रुग्णाच्या लघवीतून पेनिसिलीन पुन्हा वेगळे काढून त्यालाच देण्यात आले. अखेर साठा संपला, संसर्गाने पुन्हा उचल खाल्ली आणि १५ मार्च १९४१ रोजी त्या रुग्णाचे निधन झाले.

या घटनेतून वैद्यकशास्त्राने दोन धडे घेतले. पहिला असा की, प्रतिजैविक पुरेसे दिवस दिले पाहिजे. दुसरा धडा असा की, औषध किती दिले याइतकेच ते रक्तात किती वेळ टिकून राहिले यालाही महत्त्व आहे. शिरेतून प्रतिजैविके देण्याच्या आजच्या सर्व पद्धती या दुसऱ्या धड्यातूनच विकसित झाल्या आहेत.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. स्वातंत्र्यानंतर देशाला पेनिसिलीन परदेशातून आणावे लागू नये, म्हणून भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची उभारणी केली. १९५४ साली ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील हा देशाचा पहिला सार्वजनिक उद्योग होय.

शीर कशासाठी?

गोळी पोटात जाते, विरघळते, आतड्यातून रक्तात शोषली जाते आणि मग संसर्गाच्या जागी पोहोचते. यास वेळ लागतो आणि सर्वच औषधे सारख्या प्रमाणात शोषली जात नाहीत. जेंटामायसीनसारखे औषध तोंडाने दिल्यास रक्तात जवळजवळ पोहोचतच नाही. स्नायूत टोचलेले औषधही रक्तात येण्यास काही अवधी घेते, आणि रुग्णाचा रक्तदाब खाली गेलेला असेल तर स्नायूंचा रक्तपुरवठाच मंदावलेला असल्याने ते तेथेच साचून राहण्याचा संभव असतो. शिरेत दिलेले औषध मात्र संपूर्णपणे आणि तत्काळ रक्तात मिसळते.

म्हणून काही प्रसंगी शिरेला पर्याय नसतो. जंतुसंसर्गामुळे शरीराच्या अवयवांचे कार्य बिघडू लागले असेल, म्हणजे ज्यास सेप्सिस म्हणतात ती अवस्था आली असेल. मेंदूच्या आवरणास किंवा हृदयाच्या झडपांस संसर्ग झाला असेल. प्रसूतीनंतर मातेस तीव्र जंतुदोष झाला असेल. रुग्ण बेशुद्ध असेल, त्यास सतत उलट्या होत असतील किंवा त्याला गिळता येत नसेल, तर प्रतिजैविक शिरेतूनच दिले पाहिजे. अशा वेळी घड्याळालाही महत्त्व असते. सेप्सिसच्या उपचारासंबंधी २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्तदाब कोसळलेल्या रुग्णास सेप्सिसची शंका येताच, शक्यतो एका तासाच्या आत, प्रतिजैविकाची पहिली मात्रा मिळावयास हवी. केदारखेड्यासारख्या गावाच्या दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथील मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावरच औषध सुरू करावयाचे ठरविल्यास तो तास वाटेतच संपून जाईल. जवळच्या आरोग्य केंद्रात पहिली मात्रा देऊन, ती कोणती व किती वाजता दिली याची नोंद चिठ्ठीवर करून मगच रुग्णास पुढे पाठविणे हिताचे ठरते.

देण्याच्या तीन पद्धती

शिरेतून प्रतिजैविक देण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत. शेतकरी वाचकांस त्या पाणी देण्याच्या पद्धतींवरून सहज समजतील. मोसंबीच्या बागेला पाटाने एकदम पाणी सोडता येते, ठरावीक वेळ मोटार चालवून पाळीपाळीने देता येते, किंवा ठिबक संचाने सतत थेंब थेंब देता येते. पाणी तेच, परंतु मुळांशी ओल किती वेळ टिकते हे पद्धतीवर ठरते.

पहिली पद्धत म्हणजे सिरिंजने थेट शिरेत औषध देणे. कुपीतील भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवून साधारण ३ ते ५ मिनिटांत सावकाश दिली जाते. या पद्धतीस साहित्य कमी लागते, वेळ वाचतो आणि तातडीच्या प्रसंगी रुग्णास पहिली मात्रा लवकर मिळते. पेनिसिलीन गटातील अनेक औषधे आणि सेफ्ट्रियाक्झोनसारखी औषधे अशा रीतीने देता येतात. मात्र "सावकाश" हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. घाईने दाबलेल्या सिरिंजमुळे शिरेचा दाह होऊ शकतो.

दुसरी पद्धत म्हणजे औषध ५० किंवा १०० मिलिलिटर सलाईनमध्ये मिसळून ३० ते ६० मिनिटांत देणे आणि ठरावीक तासांनी त्याची पुनरावृत्ती करणे. आपल्या रुग्णालयांतून हीच पद्धत सर्वाधिक रूढ आहे. काही औषधांच्या बाबतीत ती केवळ सोयीची नव्हे, तर अनिवार्य आहे. व्हँकोमायसीन हे औषध मिनिटास १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक वेगाने देऊ नये. म्हणजे १ ग्रॅमच्या मात्रेस सुमारे १०० मिनिटे लागतात. ते भराभर दिल्यास रुग्णाचा चेहरा व मान लालबुंद होते, अंगास खाज सुटते आणि रक्तदाबही उतरू शकतो. ॲझिथ्रोमायसीनही थेट सिरिंजने कधीच देऊ नये. त्यास किमान एक तास द्यावा लागतो. मेट्रोनिडॅझोल तर १०० मिलिलिटरच्या तयार बाटलीतच मिळते, आणि पुष्कळ नातेवाईक तिलाच सलाईन समजतात.

तिसरी पद्धत म्हणजे औषध ३ ते ४ तास लांबवून किंवा चोवीस तास अखंड देणे. यासाठी थेंबांच्या गतीवर अचूक नियंत्रण ठेवणारा पंप लागतो. म्हणून ही पद्धत प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत वापरली जाते. अखंड पद्धतीत औषधाची पातळी हळूहळू वाढत असल्यामुळे प्रारंभी एक पूर्ण मात्रा एकदम देणे आवश्यक असते. नाहीतर पहिले मोलाचे तास वाया जातात.

औषधागणिक नियम निराळा

कोणते औषध कोणत्या पद्धतीने द्यावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हे, तर औषधाच्या स्वभावावर अवलंबून असते. पेनिसिलीन आणि त्याच्या कुळातील औषधे जीवाणूंवर किती वेळ दबाव ठेवतात याला महत्त्व असते. त्यांची रक्तातील पातळी एका मर्यादेच्या वर टिकून राहिली पाहिजे; ती त्याहून कितीतरी पटींनी वाढविल्याने फारसा अधिक लाभ होत नाही. साध्या पेनिसिलीनची रक्तातील पातळी सुमारे अर्ध्या तासात निम्म्यावर येते. म्हणून ते दर ४ ते ६ तासांनी द्यावे लागते. सेफ्ट्रियाक्झोनच्या बाबतीत हाच अवधी सुमारे ८ तासांचा असल्यामुळे ते बहुतेक आजारांत दिवसातून एकदा दिले तरी पुरते. ग्रामीण रुग्णालयांत हे औषध लोकप्रिय होण्यामागे हेही एक कारण आहे.

याउलट जेंटामायसीन व अमिकासीन या औषधांचा प्रभाव त्यांच्या उच्च पातळीवर अवलंबून असतो. दिवसाची संपूर्ण मात्रा एकदाच दिल्यास जीवाणूंवर जोरदार आघात होतो आणि नंतर पातळी उतरल्यामुळे मूत्रपिंडांस उसंत मिळते. ही औषधे मूत्रपिंडांस व श्रवणशक्तीस अपाय करू शकतात. त्यामुळे वजनानुसार मात्रा ठरविणे व मूत्रपिंडांच्या कार्याची तपासणी करणे अगत्याचे असते.

पेनिसिलीन कुळातील औषधे अखंड दिल्याने प्राण अधिक वाचतात काय, या प्रश्नाचा शोध अनेक वर्षे चालू होता. सात देशांतील १०४ अतिदक्षता विभागांत सेप्सिसच्या ७,०३१ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. अखंड औषध मिळालेल्यांपैकी २४.९ टक्के, तर पाळीपाळीने औषध मिळालेल्यांपैकी २६.८ टक्के रुग्ण ९० दिवसांच्या आत दगावले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. मात्र त्याच वर्षी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करण्यात आले, तेव्हा कौल अखंड पद्धतीच्या बाजूने झुकला. यावरून अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णांस या पद्धतीचा लाभ संभवतो, असे म्हणता येईल. परंतु पंप नसलेल्या लहान रुग्णालयांनी त्यामुळे न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. योग्य औषध, योग्य मात्रा आणि ठरल्या वेळी न चुकता दिलेली पाळी यांचे मोल कोणत्याही यंत्रापेक्षा कमी नाही.

थेंबांचे गणित

जेथे पंप नसतो तेथे परिचारिकेचे घड्याळ आणि थेंबांचे गणित हेच साधन असते. साध्या सलाईन संचाच्या २० थेंबांत १ मिलिलिटर द्रावण असते. १०० मिलिलिटर द्रावणाचे २,००० थेंब होतात. ते ३० मिनिटांत द्यावयाचे तर मिनिटास सुमारे ६७ थेंब, आणि ६० मिनिटांत द्यावयाचे तर सुमारे ३३ थेंब पडले पाहिजेत. तेच द्रावण ४ तासांत द्यावयाचे झाल्यास मिनिटास केवळ ८ थेंब येतात. इतकी संथ गती साध्या संचावर टिकत नाही. त्यासाठी १ मिलिलिटरचे ६० थेंब पाडणारा सूक्ष्म संच घ्यावा लागतो. त्यात मिनिटास २५ थेंब मोजता येतात. शाळेतील गणिताच्या शिक्षकांस त्रैराशिकाचे याहून उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

येथेच एका नेहमीच्या त्रुटीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बाटली रिकामी झाली की संच काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. परंतु नळीत काही द्रावण शिल्लक असतेच. १०० मिलिलिटरपैकी १५ मिलिलिटर नळीत राहिले असे धरले, तर औषधाची १५ टक्के मात्रा कचऱ्यात गेली. ५० मिलिलिटरची पिशवी असेल तर ३० टक्के. प्रत्येक पाळीस असे घडल्यास रुग्णास कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात अपुरे औषध मिळते. औषध संपल्यानंतर थोडे साधे सलाईन सोडून नळी धुऊन घेतल्यास ही हानी टळते. या उपायास खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

नातेवाइकांनीही एक पथ्य पाळावयास हवे. "बाटली लवकर संपावी" म्हणून नळीवरील चक्री फिरवून थेंब वाढविण्याचा मोह अनेकांना होतो. असे करणे धोक्याचे आहे. थेंब थांबले, हात सुजला किंवा आग होऊ लागली, तर चक्रीस हात न लावता परिचारिकेस बोलवावे.

शीर, सुई आणि मिश्रण

औषध शिरेत नेण्यासाठी कॅन्युला ही प्लास्टिकची बारीक नळी बसविली जाते. तिच्या जाडीनुसार रंग ठरलेले आहेत : हिरवी जाड, गुलाबी त्याहून बारीक, निळी आणखी बारीक आणि पिवळी लहान मुलांसाठी. प्रतिजैविकासाठी बहुधा गुलाबी वा निळी पुरते. उपचार अनेक आठवडे चालणार असेल किंवा औषध शिरेस फार दाहक असेल, तर मोठ्या रुग्णालयात मानेतील, छातीतील किंवा दंडातील शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नळी नेली जाते.

कॅन्युला हा जंतूंना शरीरात शिरण्याचा दरवाजाही ठरू शकतो. म्हणून हात धुणे, त्वचा जंतुनाशकाने पुसून ती वाळू देणे, बसविल्याची तारीख पट्टीवर लिहिणे आणि ती जागा रोज पाहणे, या साध्या गोष्टी कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. लाली, सूज, वेदना किंवा कडकपणा आढळल्यास कॅन्युला तत्काळ काढावी. तिचे काम संपल्यावर ती "असू द्या, लागली तर" म्हणून ठेवणे योग्य नव्हे.

कोणते औषध कशात मिसळावे यालाही नियम आहेत. सेफ्ट्रियाक्झोन हे कॅल्शियमयुक्त द्रावणात मिसळू नये, कारण दोहोंच्या संयोगाने न विरघळणारे कण तयार होतात. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे रिंगर लॅक्टेट हे असेच कॅल्शियमयुक्त द्रावण आहे. नवजात बालकांत तर या संयोगाने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे नमूद आहेत. त्यामुळे २८ दिवसांपर्यंतच्या बालकास कॅल्शियमयुक्त द्रावण शिरेतून द्यावे लागत असेल, तर सेफ्ट्रियाक्झोन देऊ नये, असा दंडक आहे. पाण्यात मिसळलेली काही प्रतिजैविके उष्णतेने लवकर निकामी होतात. मेरोपेनेम हे त्यांपैकी एक. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत सकाळी मिसळलेले औषध दुपारपर्यंत खिडकीत ठेवणे म्हणजे ते वाया घालविणे होय. औषध देण्याच्या वेळीच मिसळावे, हा नियम लहान रुग्णालयांसाठी सर्वांत सुरक्षित आहे.

प्रतिजैविकाची तीव्र ॲलर्जी हा क्वचित, परंतु प्राणघातक धोका आहे. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले, श्वास लागला किंवा चक्कर आली, हे रुग्णाने व नातेवाइकांनी आपण होऊन सांगितले पाहिजे. अशी प्रतिक्रिया उद्भवल्यास औषध तत्काळ थांबवून मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन देणे हा पहिला उपचार होय. जेथे प्रतिजैविक टोचले जाते तेथे ॲड्रेनॅलिन हाताशी असलेच पाहिजे.

गडचिरोलीचा अनुभव

शीर हा उत्तम मार्ग असला तरी तो सर्वत्र उपलब्ध असेलच असे नाही. या बाबतीत महाराष्ट्राने जगास एक मौलिक अनुभव दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना नवजात बालकांच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, पालकांनी बालकास रुग्णालयात नेण्यास असमर्थता दर्शविल्यास जेंटामायसीन स्नायूत टोचणे आणि सोबत तोंडाने कोट्रायमोक्झॅझोल देणे, हे काम या आरोग्यदूतांनी केले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सेप्सिस झालेल्या बालकांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

पुढे २०११ साली नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभरातील आशा कार्यकर्तींकडे सोपविण्यात आले. २०१४ साली केंद्र शासनाने विशिष्ट परिस्थितीत उपकेंद्रातील परिचारिकेस दोन महिन्यांपर्यंतच्या आजारी बालकास जेंटामायसीनचे इंजेक्शन व तोंडाने अमॉक्सिसिलीन देण्याची मुभा दिली. बालकास रुग्णालयात नेणेच सर्वोत्तम. परंतु ते शक्य नसेल तेव्हा हाताशी असलेला मार्ग वेळेवर वापरणे हे हात बांधून बसण्यापेक्षा निश्चितच श्रेयस्कर, हा या निर्णयामागील विचार आहे.

शिरेकडून गोळीकडे

शिरेतून औषध सुरू करण्याइतकेच ते वेळेवर थांबविणेही महत्त्वाचे आहे. ताप उतरला, रक्तदाब स्थिरावला, रुग्ण खाऊ-पिऊ लागला, तर बहुतेक आजारांत दोन-तीन दिवसांनी गोळ्यांवर येता येते. गोळी म्हणजे दुय्यम उपचार ही समजूत चुकीची आहे. हाडे व सांधे यांच्या संसर्गाच्या १,०५४ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि हृदयाच्या झडपांच्या संसर्गाच्या ४०० रुग्णांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या अभ्यासात लवकर, तर दुसऱ्यात प्रकृती स्थिर झाल्यावर निवडक रुग्णांस गोळ्या देण्यात आल्या. दोन्हींत त्यांचा परिणाम शिरेतील औषधापेक्षा उणा ठरला नाही. गोळ्यांमुळे कॅन्युलेचे धोके टळतात, खाट दुसऱ्या रुग्णासाठी मोकळी होते आणि कुटुंबाची बुडणारी मजुरी वाचते.

काही रुग्णांस शिरेतील औषध अधिक दिवस हवे असते, परंतु त्यांची प्रकृती स्थिर असते. अशांना रोज रुग्णालयात येऊन औषध घेऊन घरी परतता येते. अमेरिकेत १९७४ साली फुप्फुसाच्या दीर्घ विकाराने आजारी मुलांसाठी घरी शिरेतून प्रतिजैविके देण्याचा प्रयोग झाला आणि तेव्हापासून ही पद्धत अनेक देशांत रूढ झाली. आपल्याकडे दिवसातून एकदा द्यावयाच्या औषधांच्या बाबतीत ती सहज शक्य आहे. मात्र पाळी चुकविता कामा नये, ही तिची पहिली अट होय.

समाजाची जबाबदारी

सर्दी, साधा खोकला, अंगदुखी, बहुतेक विषाणुजन्य ताप यांवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नाही. मग ती गोळीतून घ्या की शिरेतून. गरज नसताना त्यांचा वापर झाला की जीवाणू त्यांना सरावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध निरुपयोगी ठरते. या संकटास आळा घालण्यासाठी केंद्र शासनाने २०१४ पासून अनेक प्रबळ प्रतिजैविकांच्या विक्रीवर विशेष निर्बंध घातले आणि विक्रेत्याने चिठ्ठीची नोंद तीन वर्षे जतन करणे बंधनकारक केले. २०१६ साली औषधाच्या वेष्टनावरील लाल रेघेचा अर्थ जनतेस सांगणारी मोहीम हाती घेण्यात आली : लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये. २०१७ साली या प्रश्नावर राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर झाला.

कायदे व आराखडे यांना गावाची साथ लाभली तरच त्यांचे चीज होते. शाळेतील शिक्षकांना लाल रेघेचा अर्थ विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचविता येईल. पंचायत सदस्यांना आरोग्य केंद्रात प्रतिजैविकांचा, ॲड्रेनॅलिनचा व सलाईन संचांचा साठा आहे किंवा नाही याची रुग्ण कल्याण समितीत विचारणा करता येईल. वापरलेल्या सुया, नळ्या व कुप्या गावाच्या उकिरड्यावर येत असतील तर त्याबद्दल जाब विचारणे हाही त्यांचा अधिकार आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुयांसाठी पांढरा न भेदणारा डबा, नळ्या व प्लास्टिकच्या बाटल्यांसाठी लाल आणि काचेच्या कुप्यांसाठी निळ्या रंगाचे पात्र ठरलेले आहे. अधिकाऱ्यांना पहिल्या मात्रेची वेळ चिठ्ठीवर नोंदविली जाते किंवा नाही हे तपासता येईल. आणि प्रत्येक कुटुंबास सेप्सिसची धोक्याची लक्षणे माहीत असावयास हवीत : तापाबरोबर धाप लागणे, गुंगी येणे किंवा असंबद्ध बोलणे, लघवी कमी होणे, हातपाय थंड पडणे; तान्ह्या बालकाच्या बाबतीत अंगावर पिणे सोडणे व मलूल होणे. अशी लक्षणे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भगत-गंडेदोरे किंवा ओळखीच्या दुकानातील गोळी यांत वेळ दवडू नये.

केदारखेड्याच्या रुग्णाबरोबर आलेल्या मंडळींनी यापुढेही सलाईनची मागणी करावी किंवा कसे, हा खरा प्रश्न नव्हे. त्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : यास प्रतिजैविकाची गरज आहे काय? ते शिरेतूनच द्यावयास हवे काय? आणि गोळीवर केव्हा आणता येईल? हे प्रश्न विचारणारा नातेवाईक डॉक्टरांच्या कामात अडथळा आणत नाही; उलट तो त्यांचा सहकारी ठरतो. ज्या गावात असे प्रश्न विचारले जातील, तेथे औषध योग्य रुग्णास, योग्य वेळी आणि योग्य मार्गाने मिळेल, आणि पुढच्या पिढीसाठीही ते गुणकारी राहील.